मुलांचे मचाण : न दिसणाऱ्या कामाची किंमत

कापडाच्या धंद्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा सुतारकामावर आम्ही लेख लिहावा, याचे वाचक बंधूंना नवल वाटेल. परंतु हा लेख जितका लाकडाचा आहे तितकाच व्यवहाराचाही आहे. एका लहानशा कामात आम्ही पैसे वाचवायला गेलो आणि त्याची किंमत घरातल्या मुलाने मोजली. तेच काम आम्ही दुसऱ्यांदा कसे करून घेतले, त्यात काय शिकलो आणि आपल्या सुतार, गवंडी व वेल्डर बंधूंसाठी त्यात कोणता धंदा आहे, हे येथे क्रमाने सांगत आहोत.

मचाण आपल्याकडे नवे नाही

विदर्भातील माणसाला मचाण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ज्वारी दाण्यावर आली की शेतकरी चार बल्ल्या रोवतो, वर फाट्या टाकतो आणि गोफण घेऊन पाखरे हाकलत बसतो. पेंच आणि ताडोबाच्या जंगलात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसून वन्यप्राण्यांची नोंद केली जाते. आता शहराबाहेर ज्यांनी प्लॉट घेतले, फार्महाऊस बांधले किंवा शाळा काढल्या, ते मुलांसाठी झाडाखाली असे मचाण मागू लागले आहेत.

मात्र एक फरक कारागिराने पक्का ध्यानात ठेवावा. शेतातले मचाण एका हंगामापुरते असते. त्यावर एक मोठा माणूस जपून बसतो आणि कोणती बल्ली करकरते हे त्याला ठाऊक असते. मुलांच्या मचाणावर दहा मुले एकदम चढतात, उड्या मारतात, एकाच कोपऱ्यात गर्दी करतात आणि ते दहा वर्षे टिकावे अशी घरच्यांची अपेक्षा असते. म्हणून शेतातली रीत जशीच्या तशी उचलून चालत नाही.

आमची चूक

२०१६ सालची गोष्ट. जाफर नगरच्या आमच्या अंगणात एक जुना कडुनिंब आहे. मुलांनी हट्ट धरला, म्हणून आम्ही एका मिस्त्रीला बोलावले. त्याने अंदाज सांगितला आणि आम्ही सवयीप्रमाणे घासाघीस सुरू केली. तो म्हणाला, "सेठ, जमीन काळी आहे. खड्डे खोल घ्यावे लागतील, दोन रोजी जास्त लागतील." आम्ही म्हणालो, "मुलांचा खेळ आहे, बंगला नाही. दीड फूट पुरे." चार खांबांऐवजी दोन खांब घेतले आणि उरलेल्या बाजूला पाटा थेट निंबाच्या खोडाला खिळ्यांनी ठोकला. फळ्या दुकानात पडलेल्या पॅकिंगच्या खोक्यांच्या होत्या. वरून निळा रंग दिला. काम सुंदर दिसत होते.

पावसाळा लागला. काळी माती पाणी पिऊन फुगली, नंतर उघडीप मिळताच आवळली. एक खांब तिरपा झाला. वाऱ्याने खोड हलत होते, त्यामुळे खिळे थोडे थोडे बाहेर येत होते. खाली उभे राहून ते कोणालाच दिसले नाही. ऑगस्टमधल्या एका रविवारी चार मुले वर असताना तो कोपरा खाली आला. तिघांना खरचटले. धाकट्या भावाच्या आठ वर्षांच्या मुलाचे मनगट दोन ठिकाणी मोडले. दवाखान्यात नेताना तो रडत एकच सांगत होता, "बडे अब्बा, मी उडी मारली नव्हती." त्याला वाटत होते की दोष त्याच्यावर येणार.

दोष आमचा होता. मिस्त्री संध्याकाळी घरी आला तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सेठ, मी बोललो होतो, पण मी हे काम घ्यायलाच नको होते." त्या एका वाक्यात पूर्ण धडा आहे. ग्राहक जे दिसते त्याचा पैसा देतो आणि जे दिसत नाही त्यावर घासाघीस करतो. मजबुती मात्र नेमकी न दिसणाऱ्या भागात असते. कापडात जाणकार माणूस छपाईला भुलत नाही, तो सूत आणि वीण तपासतो. लाकडाच्या कामात आम्ही छपाईवर भुललो.

पुढच्या हिवाळ्यात त्याच मिस्त्रीला आम्ही पुन्हा बोलावले. या वेळी त्याने सांगितले तसे केले आणि एका ओळखीच्या इंजिनियरकडून मापे तपासून घेतली. ते काम असे झाले.

१. झाडाला ओझे देऊ नये

पहिला नियम हा की, मचाण झाडाजवळ असावे, झाडावर नसावे. झाड हलते आणि वाढते. मचाणाला हलणेही सोसत नाही आणि वाढणेही. खिळ्यांनी झाडाला जखम होते, त्यातून कीड शिरते. खोडाला तार किंवा दोर आवळला तर सालीखालून होणारा अन्नरसाचा प्रवाह तुटतो आणि झाड वाळू शकते. शहरी भागासाठी महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही त्याने धरले आहे, हे कारागिरांनी लक्षात ठेवावे.

म्हणून स्वतःच्या चार पायांवर उभे राहणारे मचाण बांधावे. खोडापासून किमान एक फूट अंतर ठेवावे म्हणजे सावली मिळते आणि झाडही मोकळे राहते. खड्डे हातानेच खोदावेत. मनगटाएवढे जाड मूळ लागले तर ते न तोडता खड्डा सरकवावा. वरून विजेची तार जात असेल तर ती जागाच सोडून द्यावी.

२. माप आणि भार

आम्ही ८ फूट लांब, ६ फूट रुंद आणि जमिनीपासून ५ फूट उंच असे माप घेतले. लहान मुलांसाठी याहून जास्त उंचीचा मोह टाळावा. ८ आणि ६ या मापाचा आणखी एक फायदा आहे. आखणी करताना दोन्ही कर्ण बरोबर १० फूट आले की चारही कोपरे काटकोनात आहेत असे समजावे. त्यासाठी गुण्याचीही गरज पडत नाही, सुतळी पुरते.

भाराचा हिशेब मुलांच्या वजनावरून करू नये. दहा मुलांचे वजन तीनशे किलो भरेल, पण उडी मारणारे मूल आपल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर देते आणि लाकूडही वर्षागणिक थोडे कमजोर होते. घरांच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरतात. म्हणजे दर चौरस फुटाला सुमारे २८ किलो. आपले मचाण ४८ चौरस फुटांचे, तेव्हा एकूण भार सुमारे १,३५० किलो झाला. पुढची सर्व मापे या आकड्यावर बेतलेली आहेत.

३. बुनियाद

नागपुरात बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभा केलेला उथळ खांब दरवर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा खचतो. उपाय एकच, काळी माती ओलांडून मुरमापर्यंत जावे. आमच्या अंगणात साडेतीन फुटांवर मुरूम लागला.

खड्डा दोन फूट चौरस घ्यावा. तळाशी नऊ इंच जाडीचा काँक्रीटचा थर टाकावा. त्याच्या मधोमध एक फूट चौरस काँक्रीटचा ठोकळा, आत चार उभ्या सळ्या घालून, जमिनीच्या वर सहा इंच येईल इतका उचलावा. प्रमाण एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी. ठोकळ्याभोवतीची पोकळी त्याच काळ्या मातीने भरू नये. मुरूम किंवा रेती भरून ठोकावी म्हणजे फुगणारी माती ठोकळ्याला धरून वर उचलणार नाही. सात दिवस तराई चुकवू नये.

लाकडी खांब काँक्रीटमध्ये गाडू नये. गाडलेल्या टोकाशी ओल साचते, मग सड लागते आणि उधई चढते. वेल्डरकडून सहा मिलिमीटर जाड पट्टीची पकड करून घ्यावी. तिचा खालचा भाग ओल्या काँक्रीटमध्ये बसवावा आणि वरच्या दोन कानांमध्ये खांब धरून आरपार दोन बोल्ट कसावेत. खांबाचा तळ जमिनीपासून सहा इंच वर आणि डोळ्यांसमोर राहतो. उधईची माती चढू लागली तर लगेच दिसते.

४. लाकूड

लाकडाच्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. लकडगंजचे नावच लाकडावरून पडले. गडचिरोली-चंद्रपूरच्या सागवानाची कीर्ती दूरवर आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही नागपूरहून सागवान गेले. परंतु सगळीकडे सागवान लागत नाही. खांब, तुळया आणि कड्या यांना साल किंवा बीजा चालतो, कठड्याला आणि फळ्यांना सागवान वापरावे. पॅकिंगच्या खोक्यांचे लाकूड मात्र दूर ठेवावे.

लाकूड सुके आहे की ओले, हा जातीपेक्षा मोठा प्रश्न आहे. ओले लाकूड म्हणजे कोरे, न धुतलेले कापड. शिवताना माप बरोबर असते, धुतल्यावर आटते. ओल्या लाकडात आज घट्ट बसलेला बोल्ट नागपूरच्या मे महिन्यात खुळखुळू लागतो. म्हणून आरा मशीनवरून चिरून आणलेले लाकूड सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल असे रचून सुकवावे. खांबांच्या आणि तुळयांच्या लाकडात आरपार भेग किंवा मोठी गाठ असेल तर ते परत करावे.

तेल म्हणून उकळलेले जवसाचे तेल दोन हात द्यावे, कापलेल्या टोकांना तीन हात. येथे कापडवाल्याची एक ताकीद ऐकावी. जवसाच्या तेलात भिजलेल्या सुती चिंध्या गोळा करून ढीग लावला तर तो आतल्या आत तापतो आणि काडी न लावता पेटू शकतो. त्या चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. दुकानात किंवा गोदामात तर कधीच नेऊ नयेत.

५. जोड

खिळा हा फळी धरण्यासाठी आहे, भार पेलण्यासाठी नव्हे. भार पेलणारा प्रत्येक जोड खाचेवर बसला पाहिजे आणि नटबोल्टने कसला पाहिजे.

चार इंच चौरस खांबाला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच खाच घ्यावी आणि दोन्ही बाजूंना एकेक तुळई त्या खाचेवर बसवावी. अर्धा इंच जाडीचे जस्त चढवलेले दोन बोल्ट, दोन्हीकडे रुंद वॉशर. म्हणजे ओझे खाचेवर येते आणि बोल्ट फक्त धरून ठेवतो. तुळयांवर सोळा सोळा इंचांवर सात कड्या टाकाव्यात. दोन्ही टोकांच्या कड्या खांबांनाही बोल्टने जोडाव्यात. कड्यांवर एक इंची फळ्या, दोन फळ्यांमध्ये पाव इंच फट, म्हणजे पाणी निघून जाते आणि लाकडाला फुगायला जागा राहते.

यानंतर सर्वात महत्त्वाची आणि सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट, तिरपे टेके. चौकोन ढकलला की झुकतो, त्रिकोण झुकत नाही. जुन्या खाटेचे पाय कसे एका बाजूला कलतात हे आपण घरोघरी पाहतो. प्रत्येक खांबाला दोन दिशांनी एकेक तिरपा टेका, असे आठ टेके लागतात. टेका खांबाला तुळईखाली दोन फुटांवर आणि वर खांबापासून दोन फुटांवर बोल्टने जोडावा. चारच पायांच्या मचाणाचा सारा कणखरपणा या आठ तुकड्यांत आहे.

६. कठडा, शिडी आणि खालची जमीन

कठडा साडेतीन फूट उंच असावा आणि त्याचे गज उभे असावेत. आडव्या पट्ट्या लावल्या तर मुले त्यालाच शिडी समजतात. दोन गजांमधील फट साडेतीन इंचांपेक्षा कमी ठेवावी. साडेतीन ते नऊ इंचांच्या फटीत मुलाचे अंग शिरते आणि डोके अडकते, म्हणून ही मापे घातक मानली जातात. शिडीचे दांडे एकेक फुटावर आणि दोन इंच जाड असावेत, म्हणजे मधली मोकळी जागा दहा इंच राहते. दांडा बाजूच्या पाट्यात खाच घेऊन बसवावा.

मचाणाखाली आणि भोवती सहा फुटांपर्यंत फरशी किंवा काँक्रीट करू नये. एक फूट जाडीची मऊ रेती टाकावी आणि ती अधूनमधून उकरून सैल करावी. रेतीने इजा टळतेच असे नाही, पण कमी होते. मुलांना एक सक्त नियम घालून द्यावा की, ढग गडगडू लागले की खाली उतरून घरात यायचे. झाडाजवळच्या मचाणावर वीज पडण्याचा धोका खरा आहे.

७. मुलांच्या आधी पोत्यांनी चढावे

काम संपले की रेतीने भरलेली पन्नास पन्नास किलोंची सत्तावीस पोती एकेक करून वर सारखी पसरावी. त्या वेळी खाली कोणी उभे राहू नये. तुळईच्या दोन टोकांना सुतळी ताणून मध्ये किती झुकली ते मोजावे. पोती रात्रभर तशीच ठेवावीत. झुकाव पाव इंचापेक्षा जास्त असेल, कोठे कडकड आवाज येत असेल किंवा ठोकळा खचला असेल, तर उतरवून दोष शोधावा. आमच्या मचाणाची ही परीक्षा झाल्यावरच मुलांना शिडी दाखवली.

८. लाकडाचा हिशेब

टालावर लाकूड घनफुटाने मिळते. हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी इंचांत आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे.

खांब ४, प्रत्येकी ८ फूट, ४ × ४ इंच : ३.५६ घनफूट
तुळया ४, प्रत्येकी ८ फूट, ६ × २ इंच : २.६७
कड्या ७, प्रत्येकी ६ फूट, ४ × २ इंच : २.३३
फळ्या ४८ चौरस फूट, १ इंच जाड : ४.००
टेके ८, प्रत्येकी ३ फूट, ४ × २ इंच : १.३३
कठड्याचे वरचे व खालचे पाटे, एकूण ५० फूट, ३ × २ इंच : २.०८
कठड्याचे गज ५५, प्रत्येकी साडेतीन फूट, २ × १ इंच : २.६७
शिडीचे २ पाटे ७ फुटी, ४ × २ इंच आणि ४ दांडे २ फुटी, ३ × २ इंच : १.११

एकूण १९.७५ घनफूट. कापणीत जाणारे दहा टक्के धरून २२ घनफूट घ्यावे. या आकड्याला त्या दिवसाच्या भावाने गुणले की ग्राहकाला लाकडाची रक्कम कागदावर दाखवता येते. माप बदलले तर आकडे नव्याने काढावेत आणि उंची किंवा लांबी वाढवायची असेल तर इंजिनियरला विचारल्याशिवाय वाढवू नये.

अंदाजपत्रक कसे लिहावे

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपले कारागीर बंधू बहुतेक वेळा एकच ठोक रक्कम सांगतात. ग्राहक त्यातून हजार-दोन हजार तोडतो. ती तूट कारागीर कोठून काढतो? दिसणाऱ्या फळीतून किंवा रंगातून काढली तर ग्राहक बोलेल, म्हणून ती खड्ड्यातून, सुकवण्यातून आणि बोल्टमधून निघते. यात कारागीर बेइमान असतोच असे नाही. ठोक रकमेची पद्धतच त्याला तेथे ढकलते.

यावर इलाज असा की, न दिसणारे काम कागदावर वेगळे दाखवावे. खड्डा व काँक्रीट ही एक ओळ, लोखंडी पकडी ही दुसरी, सुके लाकूड तिसरी, खाच आणि नटबोल्ट चौथी, तेल पाचवी, पोत्यांची परीक्षा सहावी. ग्राहकाने भाव कमी मागितला तर त्याला सांगावे की, लांबी ८ फुटांऐवजी ६ फूट करतो, रंग सोडतो, पण या सहा ओळींना हात लावणार नाही. त्यावरही तो अडून बसला तर काम सोडावे. ज्या मालातील खोट गिऱ्हाइकाला दिसत नाही ती दाखवून देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, हे आपण कापडाच्या गाठीबाबत मानतो. लाकडाच्या खांबाबाबतही ते तितकेच लागू आहे.

सातवी ओळही लिहावी : पहिल्या पावसाळ्यानंतरची कसणी. एका हंगामात लाकूड फुगून आटते आणि नट सैल होतात. तेव्हा जाऊन सर्व बोल्ट कसणे, उधई पाहणे आणि तेलाचा एक हात देणे. याची वेगळी मजुरी ठरवावी. पुढे दरवर्षी हेच काम मिळत राहते. शाळा, बालवाड्या, पेंच-ताडोबाच्या रस्त्यावरील रिसॉर्ट, शहराबाहेरची फार्महाऊस, इतके गिऱ्हाईक आज आहे. सुतार, गवंडी आणि वेल्डर तिघांनी मिळून काम घेतले तर ठेकेदाराचा नफाही त्यांच्यातच राहतो.

आमचे दुसरे मचाण आजही उभे आहे. त्याला पहिल्यापेक्षा बराच जास्त पैसा लागला, पण पहिल्याचा खर्च आणि दवाखान्याचे बिल एकत्र केले तर दुसरे स्वस्तच पडले. ज्या मुलाचे मनगट मोडले होते तो आता उंचीने आमच्या बरोबरीला आला आहे. पावसाळा संपला की पाना घेऊन तोच खाली शिरतो आणि बोल्ट एकेक करून कसतो. लहान भावंडांना तो तोवर वर चढू देत नाही.